लाल दोऱ्याची बाटली

२ जून

ढब्बू,

आशीर्वाद. पत्र लिहितेय म्हणून हसू नकोस. फोन केला की तुझ्या मागे ग्लासांचा खणखणाट चालू असतो आणि तू म्हणतोस, "ताई, बोल पटकन." पटकन बोलण्यासारखं माझ्याकडे आता काही राहिलेलं नाही.

सोबतच्या खोक्यात एक बाटली आहे. ह्यांच्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळलीय, स्वेटर तूच ठेव. लेबलावर 'खोकल्याचं औषध' लिहिलंय ते वाचून फेकून देऊ नकोस. ही ह्यांची आलुबुखाराची जिन. सासूबाई होत्या तोवर घरात दारूचं नाव काढायची सोय नव्हती. म्हणून आमच्या कंपाउंडरसाहेबांनी दवाखान्यातल्या तपकिरी बाटल्या आणि ही लेबलं आणली. सासूबाई गेल्या, लेबलं तीच राहिली.

कृती तशी मला पाठ आहे. मागच्या झाडाची फळं काट्याने टोचायची, साखर घालून जिनमध्ये बुडवायची, तीन महिने बरणी रोज सकाळी उलटीसुलटी करायची. उलटीसुलटी करायचं काम माझंच होतं. पण बरणीचं झाकण लावायच्या आधी ते त्यात आणखी एक काहीतरी घालायचे. काय, ते कधी सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचे, "चाखून ओळख." मी कसली चाखतेय! सव्वीस वर्षांत एक थेंब जिभेला लावला नाही. आपले बाबा पिऊन घरी यायचे तेव्हा तू पाळण्यात होतास. मी नव्हते.

हे गेले त्याला आता पाच महिने होतील. यंदा झाड नुसतं लगडलंय. मला ती जिन करायचीय, ढब्बू. त्यांच्यासारखीच, एकोणीस-वीस चालणार नाही. निदान एवढं तरी त्यांचं माझ्या हातात राहू दे.

औषधांच्या फळीवर दोनच बाटल्या उरल्या होत्या. एकीच्या गळ्यात त्यांनी लाल दोरा बांधलाय, म्हणजे ती खास असणार, तीच तुला पाठवली. दुसरी मी उघडणार नाही. तू एवढ्या मोठ्या बारचा मुख्य, बावीस वर्षं त्यात काढलीस. थेंब जिभेवर ठेवला की आत काय काय आहे ते सांगतो म्हणून सगळ्या नातेवाइकांत मिरवतोस. तर सांग. महिन्याभरात फळं उतरवायला हवीत, नाहीतर पाखरं एक शिल्लक ठेवणार नाहीत.

तुझी ताई


१३ जून

ताई,

लांबूनच पाया पडतो. बाटली सुखरूप पोचली. स्वेटर पोटावर अडतोय, पण नाव ढब्बू ठेवलंत तेव्हाच विचार करायचा होता.

आज सकाळी बार उघडायच्या आधी, खुर्च्या अजून टेबलांवर उलट्या होत्या तेव्हा, एकटाच बसलो आणि चाखली. काय सांगू तुला! आधी फळाच्या सालीचा आंबटपणा, मग मधासारखी गोडी, आणि घोट खाली उतरला की मागून हळूच दालचिनी. दालचिनीच, शंका नको. भावोजी पक्के निघाले!

मग हात शिवशिवायला लागले. एक ग्लास असा केला: दोन मापं भावोजींची, एक माप लिंबाचा रस, एका अंड्याचं पांढरं. शेकरमध्ये आधी बर्फाशिवाय हलवायचं, मग बर्फ घालून. बर्फाचा खडखडाट मऊ झाला की थांबायचं. वर बोटभर गुलाबी फेस येतो. दुसरा उंच ग्लासात, भरपूर बर्फ, लिंबाच्या सालीची एक लांब पट्टी आणि वरून सोडा. तिसरा आपल्या जाणकार गिऱ्हाइकांसाठी: साध्या जिनमध्ये अर्धंच माप, हलवायचं नाही, नुसतं ढवळायचं, वर कडू अर्काचे दोन थेंब. तिन्हींचा रंग बघत बसावा असा. पहिला सगळ्यात चांगला जमला.

तर दालचिनीचा एक तुकडा घाल आणि खुशाल झाकण लाव.

तुझा ढब्बू


२० जून

ढब्बू,

तुझं पत्र तीनदा वाचलं. गुलाबी फेस वाचून हसू आलं, मग रडू आलं, मग दुकानात जाऊन दालचिनी आणली.

घरी येऊन पुडी उघडली आणि हात थांबला. अरे, ह्यांना दालचिनीचा वास मुळीच सोसायचा नाही. डोकं उठायचं. एकदा मी चहात घातली तर कप घेऊन अंगणात जाऊन बसले होते. तो माणूस स्वतःच्या हाताने दालचिनी घालेल? तू पुन्हा एकदा नीट चाख. घाई करू नकोस.

आणि एक बोलायचं राहिलंय. बोलू नये असं ठरवलं होतं, पण पत्र लिहायला बसलं की हात थांबत नाही. हे गेले तेव्हा तू आला नाहीस. "सुट्टी मिळत नाही," एवढे तीन शब्द पाठवलेस. ह्यांच्या दवाखान्यातला झाडूवाला दोन दिवस माझ्या दारात बसून होता. येणारा-जाणारा विचारायचा, भाऊ कुठे? मी सांगायचे, येतोय, वाटेत आहे. चार दिवस तुला वाटेतच ठेवलं मी. शेवटी लोकांनी विचारणं सोडलं.

असो. निदान त्यांची बाटली तरी तू मन लावून चाखतोयस, त्यात मी समाधान मानलं. फळांवर लाली चढायला लागलीय.

ताई


२९ जून

ताई,

पुन्हा चाखली. तुझं बरोबर, दालचिनी नाही. लवंग. मुरलेल्या मद्यात लवंग कधीकधी अशी फसवते, भल्याभल्यांची गल्लत होते. दोन लवंगा घाल, जास्त नको.

सुट्टीचा विषय नको ना आता. सीझन होता. तुला काय सांगू.

त्यापेक्षा आनंदाची बातमी ऐक. येत्या शनिवारी आमच्या मॅनेजरबाई नव्या मेनूसाठी सगळ्यांची पेयं चाखणार आहेत. मी तो गुलाबी फेसाचा ग्लास ठेवणार आहे, आणि नाव ठेवलंय 'कंपाउंडर'. मेनूत छापून येईल बघ. बाटलीत अजून अर्ध्याहून जास्त आहे, तेवढ्यात भागेल. भावोजींचं नाव इथे चार लोकांच्या तोंडी होईल, मग तर माझ्यावरचा राग जाईल ना?

ढब्बू


६ जुलै

ढब्बू,

काल शेजारच्या गायनाच्या बाई खोकत खोकत आल्या. म्हणाल्या, घसा धरलाय, कंपाउंडरसाहेब माझी बाटली दर वर्षी काढून ठेवायचे, ती आहे का? मी विचारलं, कुठली बाटली? त्या म्हणाल्या, "लाल दोऱ्याची. दोन्हींना लेबल एकच, गफलत नको म्हणून माझ्या औषधाला ते दोरा बांधायचे."

मी विचारलं, त्यात काय असतं?

ते खरंखुरं खोकल्याचं औषध होतं, ढब्बू. त्याच फळांचा उरलेला पाक, त्यात आलं, ज्येष्ठमध आणि निलगिरीचं तेल. निलगिरीचं! बाई सांगत होत्या, झाकण उघडलं की डोळ्यांतून पाणी येतं. चूक माझी, मी चुकीची बाटली पाठवली, ते मान्य. पण तुला त्यात मध लागला. दालचिनी लागली. मग लवंग लागली.

तू बाटली उघडलीसच नाहीस. तिकडे कुठल्या तरी फळीवर पडली असेल, आणि मी विचारलं की तू मनाला येईल ते लिहीत होतास. बहीण एकटी पडलीय, चार गोड शब्द फेकले की गप्प बसेल. अरे, सांगायचं होतंस, ताई, मला वेळ नाही. तेवढंही मी ऐकलं असतं. माणूस गेला तेव्हा तू आला नाहीस, आणि आता त्याची बाटली उघडायचेही तुला कष्ट पडले.

यापुढे उत्तर नाही लिहिलंस तरी चालेल.

ताई


१२ जुलै

ताई,

उघडली होती. तुझी शपथ, त्याच सकाळी उघडली. घोट घेतला. जीभ झोंबली, घशात काहीतरी गार लागलं, मला वाटलं जिन झोंबतेय. बाकी काहीच लागलं नाही. मला काहीच लागत नाही, ताई. जानेवारीपासून.

भावोजी गेले त्या आठवड्यात मी हॉस्पिटलमध्ये होतो. साधा ताप म्हणून गेलो आणि नऊ दिवस राहिलो. तुझा निरोप आला तेव्हा नाकाला नळी होती. तुला काय कळवू? तुझं तिकडे आभाळ कोसळलेलं, त्यात हे कुठे घालू? नर्सबाईंना म्हटलं, एवढंच पाठवा, सुट्टी मिळत नाही. वाटलं होतं, बरा झालो की समोर येऊन सांगेन. बरा झालो आणि पहिला चहा प्यायलो, तो नुसतं गरम पाणी. वासही गेला, चवही गेली. डॉक्टर म्हणतात, येईलही परत, नाहीही येणार.

कुणाला सांगितलं नाही. माझी रोजीरोटीच जिभेवर, मी सांगणार कुणाला? बावीस वर्षांची मापं हाताला पाठ आहेत. रंग बघायचा, बर्फाचा आवाज ऐकायचा, गिऱ्हाइकाचा चेहरा बघायचा. पाच महिने निभावलं. मग तुझी बाटली आली. तू लिहिलंस, तू सांग. मी नाही म्हणू शकलो नाही. आजवर फळं मुरवलेल्या जिनच दोनेकशे चाखल्यात, त्यातलीच एक आठवून लिहिली.

आता शनिवारचं ऐक. मी 'कंपाउंडर' केला. फेस असा आला होता की काय सांगू. मॅनेजरबाईंनी एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही चाखा." मी चाखला. म्हटलं, छान झालंय, लिंबू किंचित कमी पडलंय. कुणी हसलंही नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मग त्यांनी दोन ग्लासांत पाणी आणलं, एकात मीठ, एकात साखर. विचारलं, गोड कुठलं? मी चुकीच्या ग्लासाकडे बोट दाखवलं.

बाई चांगल्या आहेत. काढून टाकलं नाही. आता मी खाली कोठारात असतो, रिकाम्या बाटल्या मोजून पाठवतो.

आणि आणखी एक, आता लपवून काय करू? दर वेळी तुमच्याकडून निघताना भावोजी माझ्या बॅगेत एक बाटली ठेवायचे. मी ती कधीच उघडली नाही. म्हटलं घरगुती प्रकार, वर खोकल्याचं लेबल, चार लोकांत लाज वाटायची. इथे कुणाला तरी देऊन टाकायचो. जीभ होती तेव्हा चाखली नाही.

रागव, हवी तेवढी रागव. पण एक कर. खरी बाटली तुझ्याकडे आहे. तू चाख. माझी जीभ गेली, पण आठवण गेलेली नाही. तू मला सांग, मी ओळखतो. चमचाभर घे, त्यात तेवढंच साधं पाणी घाल. लगेच गिळू नकोस. तोंडात फिरव, नाकाने श्वास सोड, मग गीळ, आणि मग थोडी थांब. जे लागेल ते लिही. मोठे शब्द नकोत, ते मी पुष्कळ वापरले.

ढब्बू


१७ जुलै

माझ्या बाळा,

नऊ दिवस. नाकाला नळी. आणि मी इथे लोकांना सांगत होते, वाटेत आहे. मला एकदा कळवलं असतंस तर मी तशीच उठून आले असते रे. इथे मी तरी कुणाजवळ बसून होते? तू तिकडे एकटा, मी इकडे एकटी, आणि दोघंही एकमेकांना जपत बसलो. काय हा वेडेपणा! मागच्या पत्रात जे बोलले ते सगळं परत घेते. रागावलेय, पण ते न कळवल्याबद्दल.

बाटली उघडली. आधी नुसता वास आला आणि मी झाकण परत लावलं. रविवारी दुपारी हे माझ्या शेजारी येऊन बसायचे तो वास. दवाखान्याचा साबण त्यात नव्हता, एवढाच फरक. दोन दिवस बाटली तशीच ओट्यावर ठेवली. आज सकाळी चमचा घेतला. म्हटलं, बाबा गेले, सासूबाई गेल्या, हेही गेले. आता कुणाची भीती?

पहिल्यांदा जीभ आखडली, कच्चं फळ चावल्यावर आखडते तशी. मग गोड, पण साखरेचं नाही, पिकून खाली पडलेल्या फळाचं. मग पोटात ऊब. तू थांबायला सांगितलं होतंस म्हणून थांबले, आणि घशाच्या मागे किंचित कडू आलं. औषधासारखं कडू नाही. लहानपणी तू फळाबरोबर बी चावली होतीस आणि थुथू करत आलास, तेव्हा मीही एक चावून बघितली होती, तसं काहीसं. आणि त्या कडूमागे एक वास. हसू नकोस, दवाखान्यात लेबलं चिकटवायची ती पांढरी खळ असायची ना डबीतली? तिचा वास. मला वाटलं, लेबलाचाच येतोय. लेबल भिजवून काढून टाकलं, तरी येतोय.

मग तुझा उंच ग्लासही केला. शेकर कुठला, जॅमची रिकामी बाटली घेतली. झाकण ढिलं होतं, निम्मं माझ्या पदरावर. उरलं त्यात लिंबू, बर्फ, सोडा. लिंबाने तो कडवटपणा दबतो आणि सोड्याने फळ वर येतं. बरोबर का? मला आवडलं, ढब्बू. सव्वीस वर्षं ते मला म्हणत होते, एक घोट तरी घेऊन बघ. मी तोंड फिरवायचे. काय बिघडलं असतं माझं?

सांग, काय आहे ते?

ताई


२१ जुलै

ताई,

ओळखलं. तूच लिहिलंयस आणि तुलाच कळलं नाही.

बिया. आलुबुखाराच्या बिया फोडून आतला गर. तो कडू असतो, आणि त्याला नेमका त्या पांढऱ्या खळीचा वास येतो. वाचता वाचता क्षणभर तो वास मला आला असं वाटलं. आला नाही, आठवला. पण सहा महिन्यांत पहिल्यांदा एवढा स्पष्ट आठवला, की मी कोठारात खोक्यावर बसलो आणि मोठ्याने रडलो.

एक अडचण मात्र आहे. तो गर जास्त झाला तर विष. भावोजी कंपाउंडर, ते मोजूनच घालत असणार. एका बरणीला किती, हे मला चाखूनही सांगता आलं नसतं. त्यांनी कुठे लिहून ठेवलंय का बघ. सापडलं नाही तर बिया अजिबात घालू नकोस.

सोड्याचं बरोबर ओळखलंस. तुझी जीभ माझ्यापेक्षा चांगली निघेल.

ढब्बू


३० जुलै

ढब्बू,

लिहिलेलं कुठे सापडलं नाही. पण किती ते मला माहीत आहे. सात.

जिन घालायच्या दिवशी हे मागच्या पायरीवर हातोडी घेऊन बसायचे आणि काहीतरी ठोकायचे. मला वाटायचं, बरणीच्या लाकडी झाकणाची पट्टी बसवतायत. वर्षातून एकदाच, पण नेमकी माझी दुपारची झोप मोडायचे. मी अंथरुणात पडल्या पडल्या चिडून मोजायचे, एक, दोन, तीन. दर वर्षी सात. एका बीला एक घाव, हात सरावलेला. सातवा पडला की मी म्हणायचे, संपलं एकदाचं, आणि कूस बदलायचे. बाहेर काय चाललंय ते उठून बघायला एकदाही गेले नाही.

मागच्या वर्षी माझं डोकं फार दुखत होतं. तिसरा घाव पडला आणि मी तरातरा बाहेर गेले, त्यांच्या हातून हातोडी ओढून घेतली. म्हटलं, "जीव घ्या एकदाचा माझा!" त्यांनी पायरीवर काही सांडलं होतं ते गोळा केलं आणि आत येऊन माझं डोकं दाबत बसले. पुढे हिवाळ्यात बाटली उघडली तेव्हा एवढंच म्हणाले, "यंदाची जरा फिकी झाली गं." मी म्हटलं, मला काय कळतंय त्यातलं.

मी चाखली ती मागच्या वर्षीची. तीन बियांची. त्यांची शेवटची जिन माझ्यामुळे अर्धवट राहिली, आणि ती अर्धवट आहे हे त्यांनी मला सांगितलंही नाही.

फळं उतरवली. बरीच पाखरांनी नेली, पण मोठी बरणी भरली. काट्याने टोचली, साखर घातली, जिन ओतली. आज दुपारी हातोडी घेऊन पायरीवर बसले. पहिली बी निसटून अंगणात गेली, दुसऱ्या वेळी हातोडी बोटावर बसली. मग जमलं. गर अगदी छोटा असतो रे, पांढरा. सात काढले, बरणीत टाकले, झाकण लावलं.

ऑक्टोबरच्या शेवटी उघडायची. तू ये. कोठारातल्या कामाची सुट्टी तरी मिळेल ना? यायच्या आधी डॉक्टरांना पुन्हा दाखव. चव परत आली असेल तर तू पी. नसेल आली तर मी पिईन, शेजारी बसून तू विचारत जा, मी सांगत जाईन. स्वेटर घेऊन ये, पोटावर उसवून मोठा करून देते.

बरणी फळीवर ठेवून परत पायरीवर आले आणि आणखी चार बिया फोडल्या. तेवढ्यात भिंतीपलीकडून गायनाच्या बाई म्हणाल्या, "अहो, सात झाले ना? ते सातवर थांबायचे." त्याही मोजत होत्या. म्हटलं, या बरणीत घालायच्या नाहीत बाई, या चार मागच्या वर्षीच्या राहिल्या होत्या.

तुझी ताई